सही कोणाची? कामाच्या जागी मन खायला लागलं तर काय करायचं

दिवाळीआधीच्या एका रविवारी बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातल्या गल्लीतली एक मुलगी सकाळीच घरी आली. वय सव्वीस, एम.एस्सी. केमिस्ट्री, पादरा रस्त्यावरच्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे. लीलो चिवड्याची पुडी टेबलावर ठेवत म्हणाली, "मावशी, माझं कामात लक्षच लागत नाही हो. एकाग्रतेचा ऑनलाइन कोर्स लावलाय, ४,८०० रुपये भरले. तुम्ही बावीस वर्षं लॅबमध्ये काढलीत. तुम्ही काय करायचात?"

दोन महिन्यांत तिच्या तीन चुका झाल्या होत्या. एकदा हिशेबात डायल्यूशन फॅक्टर (नमुना किती पट पातळ केला तो आकडा) धरायचा राहिला, एकदा मोबाइल फेजचा, म्हणजे यंत्रातून वाहणाऱ्या द्रावणाचा, पीएच न बघताच एचपीएलसीवर (औषधातले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) सॅम्पल लावलं, एकदा रिपोर्टवर बॅच नंबरचे दोन आकडे उलटे पडले. तीन वर्षांत जिची एक चूक निघाली नव्हती, तिच्या ह्या तीन. साहेबांनी रेटिंग खाली आणलं आणि 'फोकस वाढवा' असा शेरा मारला.

चहा दोनदा झाला तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. ऑगस्टात एका शनिवार-रविवारी त्यांच्या स्टॅबिलिटी चेंबरची आर्द्रता बिघडली होती. (औषध उष्णतेत आणि दमट हवेत कितपत टिकतं हे पाहायला गोळ्या ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात सहा महिने ठेवतात, आणि त्या कपाटाच्या रोजच्या नोंदी रजिस्टरात होतात.) सोमवारी त्या दोन दिवसांचे रकाने कोरे होते. साहेबांनी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. "भरून टाक. एरवी तेवढंच असतं ना? चाली जशे." तिने ७४ आणि ७५ असे आकडे टाकले, खाली सही केली. तिन्ही चुका त्या सोमवारनंतरच्या.

बडोद्यात राहणाऱ्याला 'चाली जशे' समजावून सांगायला नको. मराठीतलं 'चालतंय की' हे त्याचंच भावंड. दोन्हींत वाईट हेतू क्वचितच असतो, म्हणून तर त्यांना नाही म्हणणं अवघड जातं.

तिच्याशी झालेल्या त्या आणि नंतरच्या दोन-तीन बैठकांतून हा लेख तयार झाला. माझं म्हणणं एवढंच आहे की असा पेच मनात कळण्याआधी कामात दिसतो. आणि तो सोडवायला 'माझं बरोबर की चूक' इथून सुरुवात केली तर माणूस घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. सुरुवात 'सही कोणाची?' इथून करा.

मी स्वतः सोवळी नाही, हेही आधीच सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी लॅबमधल्या वजनकाट्याची रोजची तपासणी माझ्याकडे होती. रोज ठरलेली वजनं ठेवायची, आकडा लिहायचा, सही करायची. जानेवारीत कामाचा लोड होता, मी महिनाअखेरीला बसून एका दमात एकतीस ओळी भरल्या. ऑडिटर आले, रजिस्टर उजेडाकडे तिरकं धरलं, आणि अगदी शांतपणे विचारलं, "बहेन, उत्तरायणाला तुम्ही गच्चीवर नव्हता?" १४ आणि १५ जानेवारीला अख्खं बडोदं पतंग उडवत होतं, कंपनीच्या गेटला कुलूप होतं, आणि माझी सही मात्र लॅबमध्ये हजर होती. ती लाज अजून गेलेली नाही.

पायरी १: बिघाडाची तारीख शोधा

आधी कॅलेंडर काढा. कालनिर्णय चालेल. गेल्या सहा महिन्यांतल्या चुका, अचानक घेतलेल्या सुट्ट्या, पुढे ढकललेली कामं त्यावर पेन्सिलीने मांडा. मग बघा, त्यांची गर्दी कुठल्या तारखेनंतर सुरू होते आणि त्या तारखेच्या आसपास तुम्हाला काय करायला लागलं होतं.

लक्षणं बारीक असतात. ठरावीक माणसाचा फोन आला की उचलायला उशीर होतो. एकच फाइल रोज उद्यावर जाते. सोपं काम तीनतीनदा तपासलं जातं आणि अवघड काम न तपासताच पुढे सरकतं. कंपनीच्या बसमध्ये काळाघोड्यापासून मकरपुऱ्यापर्यंत बडबड करणारी बाई खिडकीकडे तोंड करून बसते. डबा एकटीने खाल्ला जातो. रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो.

चुका त्या तारखेच्या आधीपासूनच असतील, किंवा वर्षभर सारख्या विखुरलेल्या असतील, तर कारण दुसरं असू शकतं: झोप, थायरॉइड, घरातलं आजारपण. तेव्हा हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. प्रत्येक मरगळीला नीतीचं नाव देण्यात अर्थ नाही.

काम का बिघडतं, हे नीट समजून घेतलं तर स्वतःवरचा राग कमी होतो. खरी नोंद लक्षात ठेवावी लागत नाही, ती कागदावर असते. खोट्या नोंदीचं तसं नाही. आमच्या मुलीच्या त्या दोन आकड्यांना किती ठिकाणी जुळावं लागणार होतं बघा: चेंबरच्या आतल्या डेटा लॉगरशी (आकडे आपोआप टिपणाऱ्या यंत्राशी), मेंटेनन्सला गेलेल्या बिघाडाच्या चिठ्ठीशी, गेटवरच्या रविवारच्या पंचिंगशी, आणि मेकॅनिकच्या आठवणीशी. लॉगर कोणी उघडला तर? मेकॅनिक बोलला तर? ती एचपीएलसीसमोर बसलेली असायची आणि डोक्यात हा दुसरा हिशेब चालू असायचा. एका डोक्यात दोन रजिस्टरं. डायल्यूशन फॅक्टर राहणारच.

मानसशास्त्रात याला जुनी नावं आहेत. आपण मानतो एक आणि करतो दुसरं, तेव्हा मनाची जी ओढाताण होते तिच्यावर लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स'चा सिद्धान्त मांडला. ती ओढाताण कमी करायला माणूस वागणं बदलतो, नाहीतर मत बदलतो. 'एरवी तेवढंच असतं' हे मत बदलण्याचं वाक्य आहे. नर्सिंगच्या संदर्भात अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये आणखी नेमकं सांगितलं: योग्य काय ते माहीत आहे, पण संस्थेच्या अडचणींमुळे ते करणं जवळजवळ अशक्य होतं, तेव्हा येणारा त्रास म्हणजे 'मॉरल डिस्ट्रेस'. एका खासगी हॉस्पिटलात नर्स असलेल्या माझ्या मावसबहिणीला मी हे सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे याला नाव आहे? मला वाटलं मीच रडूबाई."

पायरी २: एका वाक्यात लिहा, विशेषणं गाळून

वहीत हे वाक्य पुरं करा:

'अमुक तारखेला अमुक व्यक्तीने मला अमुक करायला सांगितलं. त्या कागदावर सही माझी/त्यांची आहे. प्रत्यक्षात अमुक घडलं होतं. यात नुकसान झालं तर ते अमुकचं.'

आमच्या मुलीचं पहिलं वाक्य होतं, "आमच्याकडे सगळेच खोटारडे आहेत." यावर काहीच करता येत नाही, फक्त झोप जाते. दुसरं होतं, "साहेबांनी मला खोटं लिहायला भाग पाडलं." जवळ आली, पण 'भाग पाडलं' म्हणजे काय? धमकी दिली? नाही. रजिस्टर सरकवलं. तिसऱ्या वेळी लिहिलं: "ऑगस्टच्या त्या सोमवारी साहेबांनी मला शनिवार-रविवारचे आर्द्रतेचे आकडे भरायला सांगितले. सही माझी आहे. त्या दोन दिवसांत चेंबर बंद होतं, किती वेळ ते मला माहीत नाही. औषध दमट हवेत टिकत नसेल तर नुकसान पेशंटचं."

'किती वेळ ते मला माहीत नाही' हे लिहिताना तिचं पेन थांबलं. इतके दिवस ती चेंबर दोन दिवस पूर्ण बंद होतं असं धरून घाबरत होती, आणि लॉगर उघडून बघायची हिंमत झाली नव्हती. वाक्य लिहिल्याशिवाय आपल्याला काय माहीत नाही हे कळत नाही.

पायरी ३: ढीग करा

वाण्याकडून आणलेलं धान्य निवडतो तसं. सगळ्याच खुपणाऱ्या गोष्टी एका जातीच्या नसतात.

पहिला ढीग आवडीनिवडीचा. साहेब क्लायंटसमोर गोड बोलतात आणि पाठ फिरली की शिव्या देतात. वाईट दिसतं, पण तुमची सही कुठे नाही. सोडून द्या. या ढिगावर शक्ती घालवणारे लोक पुढच्या ढिगापर्यंत पोचतच नाहीत.

दुसरा ढीग धूसर. पगारवाढीत पुतण्याला झुकतं माप, दिवाळीला पुरवठादाराकडून आलेला सुकामेव्याचा डबा. कंपनीचा लेखी नियम काय म्हणतो ते आधी बघा. अनेकदा भेटवस्तूंची मर्यादा लिहिलेली असते आणि कोणी वाचलेली नसते.

तिसरा ढीग कागद खोटा करण्याचा. क्यूसीत मागाहून भरलेली नोंद इथे येते. मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) छोट्या कारखान्यांत अकाउंट्सला बसणाऱ्यांचा नेहमीचा पेचही इथलाच: कॅश क्रेडिटसाठी बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं, त्यावर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती पैसे उचलता येतील ते, ठरते, आणि शेठ म्हणतात, "गेल्या वर्षीचा न विकलेला माल पण धर ना." माझ्या भाच्याच्या एका मित्राला तर २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आल्यावर सांगण्यात आलं की जुनी रजिस्टरं पुरात गेली असं लिही. रजिस्टरं तिसऱ्या मजल्यावर होती.

चौथा ढीग जिवाशी खेळण्याचा: बॉयलरचा सेफ्टी वाल्व, रात्री प्रक्रिया न करता सोडलेलं सांडपाणी, नापास झालेली बॅच पास करणं. इथे 'विचार करून बघते' असं म्हणायला वेळ नसतो. तोंडी आणि लेखी, दोन्ही, त्याच दिवशी.

तिसरा आणि चौथा ढीग नेहमी वेगळे राहत नाहीत. रॅनबॅक्सी या औषध कंपनीत तिथलेच अधिकारी दिनेश ठाकूर यांच्या तपासणीत जे निघालं ते वरवर कागदांचंच होतं, चाचण्यांचे आकडे; पण त्या आकड्यांवर औषधं विकली जात होती. २०१३ च्या मे महिन्यात त्या कंपनीच्या अमेरिकेतल्या उपकंपनीने गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. ठाकूर यांनी नोकरी सोडली ती त्याच्या आठ वर्षं आधी, २००५ मध्ये. मधल्या आठ वर्षांचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवा. पुढे घरखर्चाच्या पायरीला तो लागेल.

पायरी ४: सांगणाऱ्यालाच विचारा

थेट 'मी हे करणार नाही' म्हणून सुरुवात करू नका. पुष्कळदा वरच्या माणसाने पूर्ण विचारच केलेला नसतो. प्रश्न विचारा, आणि प्रश्नात काम करायची तयारी दिसू द्या:

"सर, हे आकडे मी भरले तर लॉगरशी जुळणार नाहीत. ऑडिटला काय दाखवायचं?"

"यावर सही माझी राहील की तुमची?"

"हे मला मेलवर सांगाल का? म्हणजे तसंच करते."

तिसरं वाक्य सगळ्यांत कामाचं, पण गोड आवाजात म्हणायचं. बरीच तोंडी फर्मानं 'मेलवर' हा शब्द ऐकताच विरतात. मेल खरंच आला, तर निदान सही कोणाची हे ठरलं.

वेळ कधीची निवडायची? सर्वांसमोर कधीच नाही. महिनाअखेरीला डिस्पॅचच्या गडबडीत नाही. आमच्या वेळी मी साहेबांना दुपारच्या चहानंतर गाठायचे. चिडलेल्या माणसाला चारचौघांत प्रश्न विचारला की तो उत्तर न देता स्वतःची जागा राखतो.

पायरी ५: तिसरी वाट कागदावरच असते

माझ्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा रेंगाळते.

खोटं लिहायचं किंवा नोकरी सोडायची, अशा दोनच वाटा दिसतात तेव्हा इकडे आड तिकडे विहीर होते. पण जवळजवळ प्रत्येक धंद्यात 'चूक झाली' हे लिहायची अधिकृत जागा असते. औषध कंपनीत ती आहे डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेगळं काय घडलं त्याचा अहवाल. नोंद राहून गेली तर उशिराची नोंद करता येते: आजची तारीख, आजची सही, 'त्या दिवशी नोंद झाली नाही, कारण अमुक'. चुकीचा आकडा लिहिला गेला असेल तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, तारीख, सही, कारण. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही. डेटा कोणी नोंदवला ते कळावं, तो वाचता यावा, त्याच वेळी लिहिलेला असावा, मूळ असावा, अचूक असावा, या पाच गोष्टींना जगभरच्या औषध उद्योगात 'अल्कोआ' म्हणतात. आपल्याकडे शेड्यूल एमची, म्हणजे औषध उत्पादनाच्या नियमांची, सुधारित आवृत्ती डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झाल्यापासून छोट्या युनिट्सनाही कागदपत्रांकडे कानाडोळा करून चालत नाही.

यंत्र बिघडतं हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. बिघाड किती वेळ होता, त्याचा सॅम्पलवर काय परिणाम झाला असेल, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, एवढं लिहून अभ्यास पुढे नेता येतो. डेव्हिएशन भरायला तासभर लागतो आणि क्यूएचा (गुणवत्ता हमी विभागाचा) माणूस दोन प्रश्न विचारतो. तो तास वाचवायला आपण महिनोन्महिने झोप घालवतो.

अकाउंट्समध्ये याचं रूप वेगळं: जुना माल स्टेटमेंटमध्ये वेगळ्या रकान्यात, त्याच्या वयासकट दाखवायचा, आणि ड्रॉइंग पॉवर कमी पडत असेल तर शेठनी बँकेशी बोलायचं. हॉस्पिटलात घटना-अहवाल असतो. तुमच्या कामात ही जागा कुठली, ते जुन्या माणसाला विचारा.

नाहीच म्हणायची वेळ आली तर कसं म्हणायचं? एक उदाहरण माझ्या ट्रेनिंगमध्ये मी नेहमी सांगते. २७ जानेवारी १९८६ ची रात्र. अमेरिकेत दुसऱ्या दिवशी चॅलेंजर यान सुटायचं होतं, थंडी कडाक्याची होती, आणि बूस्टर (यानाला वर ढकलणारी रॉकेटं) बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलच्या इंजिनिअरांना सांध्यातल्या ओ-रिंगची, म्हणजे सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी कडीची, भीती वाटत होती. त्या रात्रीच्या चर्चेत कंपनीतल्या वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. उड्डाणाला शिफारस देणाऱ्या कागदावर केनेडी या उड्डाण केंद्रावरचे कंपनीचे प्रतिनिधी ॲलन मॅकडोनल्ड यांनी सही केली नाही. ती युटातून त्यांच्या वरिष्ठाने करून फॅक्सने पाठवली. यान ७३ सेकंदांत फुटलं, सात जण गेले. मॅकडोनल्डना कंपनीने आधी बाजूला सारलं, मग अमेरिकी काँग्रेसच्या दबावामुळे परत आणलं, आणि सांध्याची नवी रचना करायचं काम त्यांच्याकडेच दिलं.

लोक यातला नकार लक्षात ठेवतात. मला त्यांनी दिलेली कारणं आवडतात: ओ-रिंगसाठी फार थंडी, लाँच पॅडवर साचलेला बर्फ, बूस्टर परत आणणाऱ्या जहाजांच्या भागात खवळलेला समुद्र. तिन्ही कारणं कामाची. विवेक, सत्य, तत्त्व असला एकही शब्द नाही. आपणही नकार धंद्याच्या भाषेतच द्यावा. 'माझ्या मनाला पटत नाही' म्हटलं की समोरचा तुमच्या मनावर बोलू लागतो. 'लॉगरशी जुळत नाही' म्हटलं की त्याला लॉगरवर बोलावं लागतं.

पायरी ६: नोंद ठेवा, पण कागद घरी आणू नका

स्वतःची वही घरात ठेवा. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, कोण हजर होतं. त्याच दिवशी लिहा. बोलणं झाल्यावर ऑफिसच्या मेलवरून दोन ओळी पाठवा: 'आज आपलं ठरल्याप्रमाणे मी उशिराची नोंद करून डेव्हिएशन टाकते.' हे पुरतं.

रजिस्टरचे फोटो काढून जीमेलवर पाठवणं, फाइल पेन ड्राइव्हवर घेणं, हे मोह टाळा. गोपनीयतेच्या करारावर तुमचीच सही आहे, आणि मूळ प्रश्न बाजूला राहून तुमच्यावरच चौकशी लागते. खरंच पुरावा लागेल असं प्रकरण असेल तर आधी वकिलाला विचारा, मग हात लावा.

पायरी ७: वर जायचं तर कुठल्या दाराने

साहेबांच्या वरचे साहेब हे पहिलं दार. ते बंद असेल तर पुढची दारं तुमच्या नोकरीच्या जातीवर ठरतात.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या, आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्या यांना २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार 'व्हिजिल मेकॅनिझम', म्हणजे गैरप्रकार कळवायची व्यवस्था, ठेवावीच लागते, आणि विशेष प्रसंगी थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत जायची सोय द्यावी लागते. कंपनीच्या वेबसाइटवर शोधा, बहुतेक वेळा अगदी तळाशी असते.

कोयली रिफायनरी, रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँका अशा केंद्राच्या कामांत असाल आणि मामला भ्रष्टाचाराचा असेल, तर २००४ च्या ठरावाखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करता येते. बंद पाकिटावर ही लोकहित प्रकटीकरणाची तक्रार आहे असं लिहायचं, पाठवणाऱ्याचं नाव पाकिटावर नाही, आतल्या पत्रात. निनावी तक्रार या वाटेने घेत नाहीत. नाव गुप्त ठेवण्याची जबाबदारी आयोगाची. गुजरात सरकारच्या कचेरीत लाच मागितली गेली तर एसीबीचा (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा) टोल फ्री क्रमांक १०६४.

लैंगिक छळाची तक्रार वेगळी. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची, कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते.

आणि एक कटू गोष्ट. गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीच्या व्हिसल ब्लोअर्स संरक्षण कायद्यावर ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली, पण तो अमलात आणणारी अधिसूचना निघालेली नाही. कागदावर छत्री आहे, उघडलेली नाही. खासगी कंपनीतल्या माणसाने बाहेर बोलण्याआधी हे धरूनच चालावं.

पायरी ८: मधल्या काळात स्वतःचं काम सांभाळा

ह्या सगळ्याला आठवडे लागतात. तेवढ्यात तुमच्या चुका वाढल्या तर उद्या कोणी म्हणेल, "हिचं कामच धड नाही, म्हणून आरोप करते." म्हणून ह्या काळात काम रोजच्यापेक्षा जास्त स्वच्छ हवं, आणि डोकं तर अर्धंच जागेवर असतं. मग आधार बाहेरून घ्यायचा.

आमच्या मुलीला मी तीन गोष्टी लावून दिल्या. हिशेबाची कामं सकाळी अकराच्या आत. प्रत्येक रिपोर्ट देण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दोन मिनिटं दाखवायचा, बदल्यात त्याचा बघायचा. आणि एचपीएलसीवर सॅम्पल लावण्याआधी पाच ओळींची चिठ्ठी, यंत्रालाच चिकटवलेली, प्रत्येक वेळी बोट ठेवून वाचायची. तिला ते बालवाडीसारखं वाटलं. वाटू दे.

चिंतेला दिवसाची ठरावीक वेळ द्या, हेही उपयोगी पडतं. ती संध्याकाळी कमाटीबागेत चालायला जाते, तेवढा पाऊण तास त्या विषयाचा. बाकी वेळी विषय आला की 'संध्याकाळी' म्हणायचं. झोप उडाली, रडू आवरेना, असं दोन आठवडे राहिलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ क्रमांक आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

बोलायला एकच माणूस निवडा, ऑफिसबाहेरचा. ऑफिसातल्या पाच जणांना 'कोणाला सांगू नकोस' म्हणून सांगितलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत कॅन्टीनमध्ये पोचते.

पायरी ९: महिन्यांत मोजा

नोकरी सोडायचा विचार आला तर तो रुपयांत न मोजता महिन्यांत मोजा. घरखर्च, हप्ता, आईची औषधं मिळून महिन्याला किती, आणि हाताशी असलेल्या पैशात किती महिने निघतात? सहाच्या खाली असाल तर आधी दुसरी नोकरी शोधा, मग राजीनामा. बाहेर बोलायचं ठरवत असाल, तर ठाकूर यांची आठ वर्षं आठवा आणि मोजणी त्या मापाने करा. कायम नोकरीची पाच वर्षं भरायला चार महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीकडेही बघा. यात कसलाही भ्याडपणा नाही. घरी पैसा असलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं सोपं जातं, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

राजीनाम्याचं पत्र तीन ओळींचं ठेवा. आरोप त्यात नकोत. ते द्यायचेच असतील तर वर सांगितलेल्या दारांनी. रिलीव्हिंग लेटर आणि पीएफची कामं हातात येईपर्यंत जिभेला आवर घाला.

दोन ओळी वरच्या खुर्चीतल्या माणसांसाठी. चांगल्या माणसाचं काम अचानक घसरलं तर 'फोकस वाढवा' लिहिण्याआधी एकदा विचारा, "तुला माझ्याकडून असं काही करायला लागलंय का, जे तुला पटलं नाही?" आणि मग गप्प बसा. पहिल्यांदा 'नाही सर' असंच उत्तर येईल. थांबा.

आमच्या मुलीने शेवटी लॉगर उघडला. बिघाड दोन दिवसांचा नव्हताच, शनिवारी रात्रीपासून रविवारी दुपारपर्यंतचा निघाला. तिने दोन्ही आकड्यांवर एकेक रेघ मारली, लॉगरचे आकडे लिहिले, त्या दिवशीची तारीख घातली आणि डेव्हिएशन टाकलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'आधीची नोंद प्रत्यक्ष न पाहता केली होती.' क्यूएवाल्यांनी तिला तासभर बसवून ठेवलं. साहेब आठवडाभर बोलले नाहीत, रेटिंग खाली आलं ते खालीच राहिलं. चेंबरला आता बिघाड झाला की मोबाइलवर मेसेज जाणारा अलार्म बसलाय, आणि तो रविवारी पहाटे तिच्याच फोनवर वाजतो, ही तिची नवी तक्रार.

जानेवारीत, वासी उत्तरायणाच्या (१५ तारखेच्या) दुसऱ्या दिवशी, तिळगूळ द्यायला आली तेव्हा मी विचारलं, "आणि तो एकाग्रतेचा कोर्स?"

"दोन व्हिडिओ बघितले, मावशी. पैसे परत देत नाहीत म्हणे."